कॉफीचा पेला आणि पेशींचे पहारेकरी

रामाकोना, सौसर, पांढुर्णा हा मुलूख संत्र्यांचा. कॉफीसाठी तो प्रसिद्ध नाही. परंतु याच सातपुड्याच्या रांगांनी पश्चिमेस गेले, की अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यास कॉफीचे मळे लागतात. संत्रे आणि कॉफी ही दोन्ही शरीराच्या रक्षणास साहाय्य करतात असे म्हणतात. मात्र दोहोंची रीत निराळी आहे, आणि ती समजली म्हणजे कॉफी केव्हा व किती घ्यावी हेही समजते.

अन्नापासून शक्ती निर्माण होत असता प्राणवायूचा अल्पसा अंश पेशीत उग्र रूप धारण करतो. हे उग्र कण पेशीतील स्निग्ध द्रव्यांना, प्रथिनांना व आनुवंशिक द्रव्याला इजा करतात. संत्र्यातील क जीवनसत्त्व अशा कणांना स्वतःच निष्प्रभ करते. कॉफीचे कार्य बव्हंशी अप्रत्यक्ष होय. ती पेशीचे स्वतःचे पहारेकरी जागे करते.

हे घडते कसे? पेशीत ‘एनआरएफ-२’ नावाचे एक प्रथिन असते. १९९४ साली त्याची ओळख पटली. ‘कीप-१’ हे दुसरे प्रथिन एरवी त्यास धरून ठेवते, हे जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये उजेडात आणले; ते त्याचा नाशही घडवून आणते. कॉफीच्या तेलातील कॅफेस्टॉल व काहवेऑल, तसेच क्लोरोजेनिक आम्लापासून होणारी काही द्रव्ये यांच्यामुळे ही पकड ढिली होते. मग ‘एनआरएफ-२’ पेशीकेंद्रात शिरते आणि ग्लुटाथायोन बनविणारी व विषारी द्रव्यांचा निचरा करणारी विकरे तयार करण्याची जणू आज्ञाच देते.

तथापि यावरून कॉफीस औषध मानणे घाईचे ठरेल. हा पुरावा मुख्यतः प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशी आणि उंदीर यांच्यापासून मिळालेला आहे. शिवाय तेच कॅफेस्टॉल रक्तातील कोलेस्टेरॉल वाढविते. कागदी गाळणीत ते बरेचसे अडते. पूड उकळून केलेल्या कॉफीत मात्र पुष्कळ उतरते.

याहून जिव्हाळ्याचा प्रश्न लोहाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. कॉफीतील क्लोरोजेनिक आम्लासारखी द्रव्ये अन्नातील लोहाला आतड्यातच बांधून टाकतात. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेवणाबरोबरच्या एका पेल्याने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी घटले. जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीनेही तितकीच घट झाली. जेवणापूर्वी तासभर घेतली असता मात्र घट झाली नाही.

म्हणून जेवणाच्या ताटाशेजारी कॉफीचा पेला नको. तेथे संत्र्याच्या चार फोडी अधिक हितकर, कारण क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास मदत करते. कॉफी जेवणापूर्वी तासभर अथवा दोन जेवणांच्या मध्यंतरी घ्यावी. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम, तर गर्भवतींसाठी २०० मिलिग्रॅम कॅफीन ही मर्यादा सुरक्षित ठरविली आहे. तेवढे पथ्य सांभाळले, तर एखादा पेला सुखाने घेण्यास हरकत नाही.