न्यूयॉर्कचा जागल्या, सांगलीची कैफियत

निरोध वाटणाऱ्या बाईला पोलिसाने दटावले, ही वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाची बातमी नव्हे. त्यातून ती बाई धंदा करणारी असेल, तर कुणी चौकशीही करत नाही. पण जुलै 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने भारतात एड्स रोखण्यासाठी राबणाऱ्यांना होणाऱ्या पोलिसी जाचावर अहवाल काढला. त्यात लखनौमध्ये अशा कार्यकर्त्यांना झालेल्या अटकांबरोबर सांगली-निपाणी पट्ट्यातल्या बायकांची कैफियतही आली. सरकारचे एक खाते निरोध वाटा म्हणत होते, दुसरे वाटणाऱ्यांच्या मागे लागत होते.

या बायका ‘वॅम्प’च्या, म्हणजे वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या. सांगलीत 1992 साली ‘संग्राम’ संस्थेचे काम सुरू झाले, त्यातून 1996 मध्ये ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. पुढे सातारा, कोल्हापूरपर्यंत पसरली. ‘संग्राम’च्या मीना सेषू यांना 2002 सालीच ह्यूमन राइट्स वॉचने मानवी हक्क रक्षक म्हणून गौरवले. हीच ह्यूमन राइट्स वॉच 1995 मध्ये मुंबईच्या कुंटणखान्यांत विकल्या जाणाऱ्या नेपाळी मुलींवर लिहीत होती. सात वर्षांनी तिच्या अहवालात धंदा करणारी बाई आली ती आरोग्याचे काम करणारी म्हणून. मला हा बदल पुरस्काराहून मोठा वाटतो.

1978 साली सोव्हिएत गोटातील देशांवर नजर ठेवायला ‘हेलसिंकी वॉच’ म्हणून ह्यूमन राइट्स वॉच सुरू झाली. कामाची रीत साधी: माणसे पाठवायची, पीडितांचे जबाब घ्यायचे, ते पडताळायचे, सरकारला उत्तर विचारायचे आणि सगळे छापायचे. अटक करण्याचा, शिक्षा देण्याचा अधिकार शून्य. गावच्या जागल्यासारखे काम. चोर धरायचा नाही, हाळी द्यायची. 1999 मध्ये एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांवरच्या पोलिसी दडपशाहीबद्दलही तिने अशीच हाळी दिली होती.

हाळी खरी वाटायची तर जागल्या कुणाचा मिंधा नको. म्हणून ही संस्था कुठल्याही सरकारचा पैसा घेत नाही. श्रीमंतांचा मात्र घेते, आणि तिथेच एकदा घसरली. 2012 मध्ये एका सौदी धनिकाची 4 लाख 70 हजार डॉलरची देणगी घेतली, तीही पश्चिम आशियातल्या समलिंगींच्या हक्कांसाठी वापरायची नाही, या अटीवर. 2020 मध्ये ती परत करून चूक कबूल करावी लागली.

सांगलीने हा धडा आधीच गिरवला होता. अमेरिकी सरकारच्या एड्स निधीला अट होती: वेश्याव्यवसायाला आमचा विरोध आहे, असे लिहून द्या. ज्यांच्यासोबत काम करायचे त्यांच्याच विरोधात सही कशी करायची? 2005 मध्ये ‘संग्राम’ने निधी नाकारला. ब्राझीलने त्याच वर्षी सुमारे 4 कोटी डॉलर सोडले. पण तो देश होता, ही जिल्ह्याच्या गावची संस्था. वर अमेरिकेत तिच्यावर आरोप झाले, आणि सांगलीतल्या गोकुळनगर या वेश्यावस्तीत एका अमेरिकी संस्थेच्या पुढाकाराने पोलिसांची धाड पडली. उद्धार करायला येणाऱ्यांपासूनच आम्हाला वाचवा, ही या बायकांची घोषणा अशा अनुभवातून आली.

मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की निरोध बाळगणे हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये. याचे श्रेय न्यूयॉर्कला देता येणार नाही. तो खटला कोलकात्यातल्या एका बाईच्या खुनातून निघाला होता.

पोलीस कोठडीच्या बाबतीत हाळीची मर्यादा जास्तच उघडी पडते. डिसेंबर 2016 मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने मांडले, की 2010 ते 2015 या काळात भारतात 591 जण पोलीस कोठडीत मेले. वर्षही उलटले नाही, तोच नोव्हेंबर 2017 मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात एका तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला आणि पोलिसांनीच त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला. सांगलीकर रस्त्यावर उतरले. पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि तपास सीआयडीकडे गेला.