जहाज न्हावा-शेव्याला, जोखीम नांदेडला

समुद्र आमच्या मराठवाड्यापासून दूर. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी जहाज पाहिले ते बहुधा हजला जाताना. मुंबईहून जाणारी हजची जहाजे १९९५ साली बंद झाली आणि तेवढाही संबंध संपला. म्हणून जहाज, बंदर, बिल ऑफ लेडिंग हे शब्द निघाले की आपले व्यापारी म्हणतात, "ते मुंबईवाल्यांचे काम."

हा समज महाग पडतो. लातूरच्या डाळ मिलमध्ये भरडली जाणारी तूर कैक वेळा म्यानमार, मोझांबिक किंवा टांझानियाहून आलेली असते. लातूरची सोयापेंड परदेशी जाते. नांदेडच्या कापसाचा भाव परदेशी मागणीवर हलतो. आपल्यापैकी काही कापडवाले टॉवेल, चादरी, तयार कपडे आखाती देशांत पाठवतात. जहाज आपल्या दुकानापर्यंत आलेच आहे, पण त्याचे नियम कोण करतो हे आपल्याला ठाऊक नसते.

मला ते ठोकर खाऊन कळले. काही वर्षांपूर्वी मी आणि ओळखीच्या दोन व्यापाऱ्यांनी भागीत टॉवेल-चादरींचा एक कंटेनर दुबईला पाठवला. मुंबईतील एका फॉरवर्डरने भाडे इतरांपेक्षा कमी सांगितले. आम्ही ते आगाऊ भरले. त्याने आपल्या फर्मच्या नावाचे बिल ऑफ लेडिंग दिले, ते आम्ही बँकेत लावले. माल जबल अली बंदरावर पोचला आणि शिपिंग लाइनने कळवले, "आम्हाला भाडे मिळालेले नाही. भाडे द्या, मग माल घ्या." फॉरवर्डरने आमचे पैसे घेतले होते, पण पुढे लाइनला भरलेच नव्हते. इकडे त्याचा फोन बंद, तिकडे बंदरावर रोजचा आकार चढत चाललेला. शेवटी दुसऱ्यांदा भाडे भरून माल सोडवला. नफा गेलाच, मुद्दलही तुटले.

नंतर मुंबईतील एका जाणकाराने एकच सवाल केला, "भाई, हा माणूस कोणत्या असोसिएशनचा मेंबर होता?" आमच्याकडे जवाब नव्हता. या लेखाचे कारण तोच सवाल आहे.

फॉरवर्डरांच्या संघटना

कंटेनर पाठवताना दोन कागद असू शकतात. एक शिपिंग लाइनचे मूळ बिल, दुसरे फॉरवर्डरचे स्वतःचे. आमच्या मामल्यात मूळ बिल फॉरवर्डरच्या नावावर होते आणि आमच्या हाती फक्त त्याचा कागद. त्या कागदाची किंमत त्या माणसाच्या पतीएवढीच असते.

हीच पत तपासता यावी म्हणून संघटना आहेत. जगभरच्या फॉरवर्डरांची 'फियाटा' ही संस्था १९२६ साली व्हिएन्ना येथे स्थापन झाली. तिचे कार्यालय आता जिनिव्हात आहे. तिच्या नमुन्याचे बिल ऑफ लेडिंग कोणालाही छापता येत नाही. ते देशातील सभासद संघटनेमार्फत मिळते आणि त्यासाठी फॉरवर्डरने जबाबदारीचा विमा काढलेला असावा लागतो. भारतात फॉरवर्डर संघटनांचे फेडरेशन, म्हणजे एफएफएफएआय, हे काम पाहते. मल्टिमोडल वाहतूक करणाऱ्यांची 'आमटोई' ही वेगळी संघटना आहे. शिवाय १९९३ च्या मल्टिमोडल वाहतूक कायद्याप्रमाणे घरापासून परदेशापर्यंत एकाच कागदावर माल नेणाऱ्याला नौवहन महासंचालकांकडे नोंदणी करावी लागते. मेंबर असलेला प्रत्येक माणूस इमानदार असतोच असे नाही. पण त्याच्याविरुद्ध दाद मागायला एक दरवाजा तरी असतो. आम्हाला तोही नव्हता.

जहाजमालकांच्या संघटना

जहाजमालकांना संघटनेची ताकद फार आधी कळली. १८७५ साली इंग्लंड-कलकत्ता मार्गावरील कंपन्यांनी 'कॉन्फरन्स' केली आणि भाडे मिळून ठरवू लागल्या. व्यापाऱ्याला बांधून ठेवण्याची त्यांची युक्ती अशी: जो ठराविक मुदतीत आपला सर्व माल कॉन्फरन्सच्याच जहाजांनी पाठवील, त्याला भाड्याचा काही भाग मागाहून परत. मध्येच एक खेप बाहेरच्या जहाजाने पाठवली की साचलेला परतावा बुडाला.

या गटाशी पहिली मोठी टक्कर आपल्या शेजारच्या सोलापूरच्या माणसाने घेतली. वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी वगैरे भागीदारांसह १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. इंग्रज कंपन्यांनी भाडे पाडून सिंदियाची कोंडी केली आणि १९२३ साली कंपनीला त्यांच्याशी करार करावा लागला. वालचंद यांनी धडा घेतला. १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स उभे राहिले त्यामागे तेच होते. पुढे भारतीय जहाजमालकांचीही स्वतःची संघटना झाली.

युरोपीय संघाने कॉन्फरन्सला दिलेली सूट २००८ साली काढून घेतली. आता मोठ्या लाइनींच्या 'अलायन्स' आहेत. त्या जहाजातील जागा वाटून घेतात, भाडे प्रत्येक लाइन वेगळे सांगते. १९०५ साली कोपनहेगनला सुरू झालेली 'बिमको' ही संस्था जहाज भाड्याने घेण्याच्या कराराचे नमुने तयार करते. लातूरची पेंड पूर्ण जहाज भरून जाते तेव्हा करार बहुधा अशाच छापील नमुन्यावर होतो. तो नमुना मुख्यतः जहाजवाल्यांच्या संस्थेने लिहिलेला आहे, हे ध्यानात ठेवून प्रत्येक कलम वाचावे.

विम्याच्या संघटना

जहाजमालकांचे 'पी अँड आय क्लब' म्हणजे मोठी भिशीच समजा. फरक एवढा की येथे रक्कम पाळीपाळीने मिळत नाही, ज्याच्यावर आपत्ती आली त्याची भरपाई सर्वांच्या वर्गणीतून होते. तोटा आला तर सभासदांकडून आणखी मागतात. असा पहिला क्लब १८५५ साली इंग्लंडात निघाला. आज १२ क्लबांचा गट जगातील सुमारे ९० टक्के सागरी जहाजांची जबाबदारी घेतो. तुमचा माल भिजला आणि तुम्ही जहाजावर दावा केला, तर समोर एकटा जहाजमालक नसतो, क्लबचे वकील उभे असतात. म्हणून आपल्या मालाचा विमा आपण काढलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट 'जनरल ॲव्हरेज'. जहाज संकटात सापडले आणि सर्वांना वाचवण्यासाठी खर्च किंवा नुकसान सोसावे लागले, तर ते जहाज व त्यावरील सर्व माल यांच्या किमतीच्या प्रमाणात वाटले जाते. ज्याच्या मालाला धक्काही लागला नाही त्यालाही वाटा द्यावा लागतो. या वाटणीचे 'यॉर्क-अँटवर्प नियम' कोणत्याही एका सरकारचे नाहीत. ते सागरी कायदेपंडितांच्या जागतिक समितीच्या देखरेखीखाली आहेत. २३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात अडकले, सहा दिवसांनी सुटले. मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केले. जहाजावर सुमारे १८,००० कंटेनर होते. असे झाले की विमा असलेल्याची हमी विमा कंपनी देते. विमा नसलेल्याला माल सोडवण्यासाठी रोख अनामत भरावी लागते.

तिसरे, लंडनच्या विमा बाजारातील 'जॉइंट वॉर कमिटी'. ती धोक्याच्या समुद्राची यादी करते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरमध्ये कमिटीने तेथील धोक्याचे क्षेत्र वाढवले. विम्याचे हप्ते चढले. अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, भाडे वाढले. लंडनमधील एका समितीच्या यादीचा भार असा आपल्या बिलावर येतो.

मालवाल्यांच्या संघटना

मालाच्या खरेदी-विक्रीचे नियमही संघटनांच्या हाती आहेत. धान्य, कडधान्य व पेंडीच्या सौद्यांवर लंडनच्या 'गाफ्टा' संस्थेचे नमुने चालतात. कापसासाठी १८४१ पासूनची लिव्हरपूलची संस्था आहे. तिचा निवाडा न पाळणाऱ्याचे नाव यादीत लागते आणि जगभरचे सभासद त्याच्याशी सौदा करायला कचरतात. करारात 'गाफ्टा अटी लागू' एवढी एक ओळ असली की तंटा लातूरच्या कोर्टात चालत नाही, लंडनच्या लवादाकडे जातो. परदेशी लवादाचा निवाडा आपल्याकडे १९९६ च्या लवाद कायद्याने वसूल होऊ शकतो. तक्रारीची मुदतही तेथे मोजकी असते.

कारागिरांच्या मुलांसाठी

फिटर, वेल्डर मुलांना जहाजावर नोकरी लावतो म्हणून पैसे मागणारे दलाल गावोगाव फिरतात. भारताने २०१५ साली मान्य केलेल्या सागरी कामगार करारानुसार नोकरी लावण्याचे शुल्क खलाशाकडून घेता येत नाही. भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालकांचा आरपीएसएल परवाना हवा. पैसे देण्याआधी तो नंबर मागा. मुंबईतील नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया ही खलाशांची संघटना आहे. तेथे चौकशी करावी.

आपण काय करावे

१. फॉरवर्डरला प्रथम नोंदणी क्रमांक, संघटनेचे सभासदत्व आणि जबाबदारीच्या विम्याचा कागद मागा. भाव नंतर.

२. भाडे आगाऊ दिले असेल तर ते लाइनला पोचल्याचा पुरावा हाती येईपर्यंत निश्चिंत राहू नका.

३. एफओबी की सीआयएफ, हे सौद्याच्या वेळीच लिहून घ्या. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय चेंबरने १९३६ पासून या शब्दांचे अर्थ बांधून दिले आहेत. सध्या २०२० ची आवृत्ती चालते.

४. मालाच्या विम्यात जनरल ॲव्हरेज आहे का, युद्धाची जोखीम वेगळी घ्यावी लागते का, ते विचारा.

५. करारात कोणत्या संस्थेचे नाव आहे ते पाहा आणि सही करण्याआधी जाणकाराला दाखवा.

सहावी गोष्ट सर्वांत मोठी. जहाजवाले संघटित, विमेवाले संघटित, फॉरवर्डर संघटित. नांदेड-लातूरचा व्यापारी मात्र एकटाच मुंबईला जातो आणि स्वस्त भाव सांगणाऱ्या पहिल्या माणसाच्या हाती माल देऊन येतो. निर्यात करणाऱ्यांसाठी मुंबईत वेस्टर्न इंडिया शिपर्स असोसिएशन आहे, सुती कापडवाल्यांसाठी टेक्सप्रोसिल आहे. दहा-बारा व्यापाऱ्यांनी मिळून मंडळ केले, खेपा एकत्र करून भाडे ठरवले, कोणता एजंट बरा व कोणता बुडवा याची नोंद ठेवली, तर एका वर्षात फरक दिसेल. आम्ही तिघांनी तो कंटेनर पाठवण्याआधी अशा नोंदवहीत एकदा पाहिले असते, तर दुसऱ्यांदा भाडे भरायची वेळ आली नसती.