अडीच अब्ज वजा बत्तीस

जीवाश्मांच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या नव्या मुलाच्या डोळ्यांपुढे हातोडी, छिन्नी आणि धूळ असते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जीवाश्मशास्त्रज्ञ चार्ल्स मार्शल यांच्याबरोबर काम करणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या वाट्याला मात्र गणित आलं. टायरॅनोसॉरस रेक्स एकूण किती झाले असतील? सापडले किती ते नव्हे. जगून मेले किती ते.

प्रश्न मार्शल यांचा जुनाच. जीवाश्म हातात घेतला की त्यांच्या मनात येई, हा हजारात एक, दहा लाखांत एक की अब्जात एक? ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी निर्वंश झालेल्यांची शिरगणती करायची, म्हणजे वेडेपणाच. पण त्यांनी सुरुवात हाडांपासून केली नाही, जित्या जनावरांपासून केली. जनावर जितकं जड, तितकी दर चौरस किलोमीटरमागे त्याची संख्या कमी, हा जॉन डॅमथ यांनी दाखवलेला नियम. उंदीर रानभर, हत्ती मोजके.

आता टी. रेक्स घ्या. प्रौढाचं वजन ५ टनांच्या आसपास. पण जास्त खाणारी जनावरं तेवढ्याच जागेत कमी मावतात, मग भूक सिंहासारखी धरायची की कोमोडो ड्रॅगनसारखी? दोघांच्या मधली धरली. उत्तर आलं, ढोबळमानाने १०० चौरस किलोमीटरला एक. अख्ख्या वॉशिंग्टन शहराला दोनच! त्यांचा वावर उत्तर अमेरिकेत सुमारे २३ लाख चौरस किलोमीटरांवर, म्हणजे एका वेळी साधारण २०,००० प्रौढ. एक पिढी १९ वर्षांची, जातीचं आयुष्य सुमारे २४ लाख वर्षं, म्हणून पिढ्या झाल्या सुमारे १,२७,०००. गुणाकार करा: अडीच अब्ज, म्हणजे २५० कोटी.

एप्रिल २०२१मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा आकडा छापून आला आणि जगभर गाजला. त्याच्या शेजारचा आकडा फारसा कुणी वाचला नाही. खरी संख्या १४ कोटींपासून ४,२०० कोटींपर्यंत कुठेही असू शकते! वाण्याने असा हिशेब दिला तर आपण दुकान बदलू. पण दोष हाडांचा नाही. तरस आणि जग्वार वजनाने जवळपास सारखे, तरी तरसांची दाटी जग्वारच्या सुमारे ५० पट. आज डोळ्यांसमोर हिंडणारी जनावरंच नियमाला इतकी जुमानत नाहीत, तिथे मेलेल्यांना काय बोल लावायचा? मला या सगळ्या खटाटोपात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पुढे २०२३मध्ये जर्मनीच्या एफा ग्रीबेलर यांनी हिशेब नव्याने मांडला आणि २५० कोटींचे १७० कोटी झाले.

या अफाट गर्दीतून आपल्या हाती काय लागलं? मार्शल यांच्या गटाने हिशेबात धरलेले प्रौढ टी. रेक्स अवघे ३२. म्हणजे ८ कोटींत एक. जिथे हाडं सर्वांत जास्त सापडतात तिथेही १६,०००त एक.

हाच भागाकार दुसऱ्या एखाद्या प्राण्याला लावून पाहा. समजा, एखादी जात २५० कोटींची नव्हे, २५ लाखांचीच होती. ८ कोटींत एक या दराने तिच्या वाट्याला येतो एका सांगाड्याचा बत्तिसावा हिस्सा. संग्रहालयात तिची पाटी नाही, पुस्तकात तिचं नाव नाही.