पोटरीचं दुखणं, हृदयाची गोळी

दोन-तीनशे पावलं चाललं की पोटरी आवळून येते, थांबलं की काही मिनिटांत मोकळी होते आणि पुन्हा चालू लागलं की पुन्हा तेच. मागच्या भागात पाहिलेलं हे लक्षण पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं असतं. घोट्याजवळच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागलं आणि उत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आलं, की निदान जवळपास पक्कं होतं. मग डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन यांपैकी एखादं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, येतं आणि घरात प्रश्न उभा राहतो : दुखतोय पाय, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट तर नॉर्मल, मग ही गोळी कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे.

पायाच्या धमनीत चरबीचा थर साचला असेल, तर तो सहसा तिथेच थांबलेला नसतो. हृदयाच्या आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांतही तीच प्रक्रिया कमी-अधिक चालू असते. म्हणून अशा रुग्णांपैकी बहुतेकांना पाय गमावण्यापेक्षा हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचाच धोका मोठा असतो. पोटरी फक्त आधी बोलते.

याचा भक्कम पुरावा ब्रिटनमधल्या ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’ने दिला. २०,५३६ जणांच्या या चाचणीत पायाच्या धमन्यांचा आजार असलेले ६,७४८ रुग्ण होते. अर्ध्यांना रोज ४० मिलिग्रॅम सिमव्हास्टॅटिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सुमारे पाच वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा झटका, पक्षाघात किंवा धमनीवरची शस्त्रक्रिया अशा मोठ्या घटना पायाच्या रुग्णांत २२ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या; म्हणजे दर हजारी ६३ जण त्यातून वाचले. सुरुवातीचं कोलेस्टेरॉल फारसं जास्त नसलेल्यांनाही फायदा झाला. रिपोर्ट नॉर्मल असणाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. अशा रुग्णासाठी लॅबच्या कागदावरची ‘नॉर्मल’ मर्यादा पुरेशी नसतेच. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्याचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, किमान निम्म्याने उतरावं आणि दर डेसीलिटरला ५५ मिलिग्रॅमच्याही खाली जावं.

ही गोळी मुळात बुरशीची देणगी. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो सूक्ष्मजीव तपासून १९७०च्या दशकात पेनिसिलियमच्या एका जातीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. यकृत ज्या एन्झाइमच्या मदतीने कोलेस्टेरॉल बनवतं, त्यालाच ते अडवतं. मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त प्रमाणात ओढून घेतं. धमनीतला थर हळूहळू स्थिरावतो आणि तो फुटून गुठळी होण्याची भीती कमी होते.

पायाला काय मिळतं? बंद झालेली धमनी गोळीने उघडत नाही, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं. तरीही २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वर्षभर ८० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन घेणारे वेदनेशिवाय पूर्वीपेक्षा ६३ टक्के जास्त वेळ चालू शकले. औषधाविना असलेल्या गटात ही वाढ ३८ टक्के होती. अमेरिकेतल्या दीड लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदींत जास्त मात्रेचं स्टॅटिन घेणाऱ्यांचे पाय कापावे लागण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसलं. हा नोंदींचा अभ्यास आहे, चाचणी नव्हे. पण दिशा तीच आहे.

खरी अडचण पुढे येते. स्टॅटिनने स्नायू दुखतात असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि या रुग्णाची पोटरी तर आधीपासूनच दुखत असते. दोष गोळीवर जातो आणि गोळी परस्पर बंद होते. फरक ओळखता येतो. धमनीचं दुखणं चालल्यावर येतं, विश्रांतीने जातं आणि बहुधा एका पायात जास्त असतं. औषधाचं दुखणं साधारण दोन्ही बाजूंना, मांड्या-खांद्यांतही जाणवतं आणि बसल्या जागीही राहतं. लघवीचा रंग गडद झाला किंवा अंगातली ताकदच गेल्यासारखी वाटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. एरवी मात्रा कमी करणं किंवा स्टॅटिन बदलणं हे मार्ग असतात. ते डॉक्टरांशी बोलून ठरवावेत, गोळ्यांची पट्टी कपाटात टाकून नव्हे.

पुढच्या भागात : पोटरी दुखेपर्यंत चालायला लावणारा व्यायाम आणि त्यामागचं शास्त्र.