अवसान का गळते?

‘अवसान गळाले’ असे आपण बहुधा घाबरलेल्या माणसाविषयी म्हणतो. परंतु ज्याला भीती शिवलेली नाही, ज्याची श्रद्धा अढळ आहे आणि पायही मजबूत आहेत, अशा माणसाचेही अवसान चालता चालता एकाएकी गळते. आळंदीकरांना हे सांगावयास नको. घटकेपूर्वी टाळ वाजवीत उड्या मारणारा गडी मध्येच रस्त्याच्या कडेला बसतो, त्याला दरदरून घाम फुटतो, हात कापू लागतात, डोळ्यांपुढे काजवे चमकतात; नाव विचारले तर उत्तर चटकन येत नाही. कोणी ‘दृष्ट लागली’ म्हणतो, कोणी ‘पित्त झाले’ म्हणतो. या प्रकाराचे खरे कारण काय, ते आज पाहावयाचे आहे. आम्ही काही वैद्य नव्हे. शाळाही लवकर सुटली. परंतु उभा जन्म अंगमेहनत करणाऱ्या माणसांत गेल्यामुळे, अंगातली ताकद येते कोठून आणि जाते कोठे, हा प्रश्न आम्हाला प्रथमपासून पडत आला आहे.

आपल्या शरीरात दोन प्रकारचे जळण असते. एक साखर, दुसरे चरबी. चरबी म्हणजे चुलीतला मोठा ओंडका. तो लवकर संपत नाही, पण भडकतही नाही. साखर म्हणजे वाळलेल्या काटक्या. लगेच पेट घेतात, लगेच सरतात. सडपातळ माणसाच्या अंगावरही कित्येक दिवस पुरेल एवढी चरबी असते. साखरेचा साठा मात्र फार तोकडा. खाल्लेल्या भाकरीची, भाताची साखर होते आणि ती ग्लायकोजेन नावाच्या रूपात साठते. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा पदार्थ यकृतातून वेगळा काढला. यकृतात तो सुमारे १०० ग्रॅम मावतो, सर्व स्नायूंत मिळून सुमारे ४०० ग्रॅम. म्हणजे एकंदर २,००० कॅलरींच्या आसपास. रक्तात प्रत्यक्ष फिरणारी साखर तर चहाच्या एका चमच्याएवढीच.

येथे एक गोम आहे. मांडीच्या स्नायूत साठलेली साखर त्या स्नायूचीच. ती रक्तात उतरून शेजाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. रक्तात साखर सोडण्याचे काम मुख्यतः यकृताचे. आणि मेंदू हा मोठा खर्चिक गृहस्थ! तो रोजच्या रोज १०० ग्रॅमांहून अधिक साखर मागतो, आणि एरवी चरबी जाळून भागवत नाही. रात्रभर पोटात अन्न नसले की मेंदूच्या या मागणीपायी यकृताचा साठा बराच उतरतो. त्यात सकाळी उपाशी चढ चढू लागलो, की पाय आणि मेंदू एकाच डब्यावर हात टाकतात. डबा रिकामा झाला की स्नायू जड होतात, मेंदू गोंधळतो. हेच ते अवसान गळणे. लांब पल्ल्याचे धावपटू याला भिंतीवर आदळणे म्हणतात.

याचा पुरावा १९२४ साली अमेरिकेतील बॉस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत मिळाला. डॉक्टरांनी शर्यत संपविणाऱ्यांचे रक्त तपासले. ज्यांची साखर फार उतरली होती तेच निस्तेज, थरथरणारे, भ्रमलेले आढळले. पुढच्या वर्षी धावपटूंना आदल्या दिवशी पिष्टमय अन्न भरपूर दिले आणि धावताना गोळ्या-मिठाई खावयास लावली. तेव्हा साखर टिकली आणि माणसेही टिकली. पुढे १९६० नंतरच्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी स्नायूतून सुईने कण काढून साठा प्रत्यक्ष मोजला आणि सिद्ध केले की साठा जेवढा मोठा, तेवढा वेळ माणूस जास्त तग धरतो. या दोन्हींच्याही आधी, १९२० साली, बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. तेव्हा हे शास्त्र कोणालाच ठाऊक नव्हते.

आता आपल्या वाटेकडे वळू. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते, पुण्यात मुक्काम पडतो, आणि सासवडची वाटचाल बहुधा एकादशीलाच येते. म्हणजे तीस किलोमीटरांच्या आसपासची मजल, त्यात दिवे घाट, आणि त्याच दिवशी उपवास! घाटात रथाला जादा बैलजोड्या जोडतात. माणसाला कोण जोडणार? साठ किलो वजनाच्या माणसाला एवढ्या चालीस दीड हजार कॅलरी सहज लागतात. चाल संथ असेल तर त्यातला मोठा वाटा चरबी उचलते, आणि वर्षानुवर्षे वारी करणाऱ्या शेतकऱ्याच्या स्नायूंना ती सवय झालेली असते. म्हणून म्हातारी माणसे हसतखेळत घाट चढतात. बसतो तो कोण? तर चाकणच्या किंवा भोसरीच्या कारखान्यात रात्रपाळी करून, दोन कप चहावर, झोपेविना थेट दिंडीत शिरलेला पंचविशीतला तरुण. दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे जेमतेम १० ग्रॅम. भूक मारतो, पण फार पुरत नाही.

कारखान्यातही हेच गणित आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम न घेता निदान अर्धा तास विश्रांती द्यावी असे बंधन घातले, ते काही मालकाच्या दयेपोटी नव्हे. ज्याचा मेंदू उपाशी आहे त्याचा हात यंत्रात जावयास वेळ लागत नाही. पाळीच्या अखेरीस सही करतानाही बोटे थरथरणारे कामगार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांना कामचुकार म्हणणारे मुकादमही पाहिले आहेत.

उपाय महाग नाहीत. आदल्या रात्री पोटभर भाकरी-भात खावा. रात्रपाळी करून निघू नये, निदान त्या दिवसाची रजा टाकावी. सुरुवात संथ करावी. भूक लागण्याची वाट न पाहता तासा-दीड तासाने थोडे तोंडात टाकावे. एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम साखर-पिष्ट असते. गुळाचा खडा, खजूर हेही चांगले. उपवास असला तरी अडत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, रताळेही तसेच. आपल्या आजीचा फराळ धावपटूचाच आहे. शेंगदाण्यात मात्र तेल जास्त, ते सावकाश कामी येते. आणि महिनाभर आधीपासून रोज चालण्याचा सराव करावा, म्हणजे ओंडका जाळण्याची सवय स्नायूंना लागते.

पाण्याविषयी दोन शब्द. तहानेने प्यावे, पण नुसतेच पाणी घटाघटा ढोसू नये. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातले मीठ घातक नसले तरी नको इतके उतरलेले, आणि काहींचे तर घातकच उतरलेले आढळले. लिंबू, मीठ, साखर घातलेले सरबत बरे.

मधुमेह्यांची गोष्ट वेगळी. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने उपवास आणि पायपीट एकत्र करणे जोखमीचे आहे. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी, खिशात साखर ठेवावी, आणि शेजारच्या वारकऱ्याला आपला आजार सांगून ठेवावा. लाज कसली त्यात?

कोणी बसलाच, तर शुद्धीवर असल्यास त्याला साखरपाणी द्यावे. बहुधा दहा-पंधरा मिनिटांत हुशारी येते. तो बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. पाणी श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवावे. अंग भाजत असून बडबड चालू असेल तर तो उष्माघात. भराभर पाणी ओतून, वारा घालून अंग थंड करावे. छातीत कळ असेल तर गुळाची वाट पाहू नये. या तिन्ही प्रसंगी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येण्यापुरती वाट दिंडीने मोकळी करून द्यावी.