लाकडी फ्लोअरिंग टाकताय? आधी भिंतीपाशी फट सोडा!

सुरुवातीलाच एक आठवा. उन्हाळ्यात नीट लागणारं लाकडी दार जुलैमध्ये चौकटीत अडकतं की नाही? बस्स, लाकडी फ्लोअरिंगची सगळी भानगड यातच आहे.

लाकूड हवेतला ओलावा घेऊन फुगतं, हवा कोरडी झाली की आक्रसतं. तेही लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत. एका पट्टीचं फुगणं अगदी किरकोळ, पण 10 फुटांच्या खोलीत शेजारीशेजारी पंचवीसेक पट्ट्या बसतात. सगळ्यांची बेरीज जाऊन भिंतीवर धडकते. भिंत काही सरकत नाही, मग फ्लोअरिंगच मधून वर उचलतं. एप्रिलमध्ये झकास दिसलेलं काम पावसाळ्यात बिघडतं ते असं.

म्हणून चारही भिंतींपाशी साधारण 10 ते 12 मिलीमीटर फट हवी. काम चालू असताना तिथे पाचरी ठेवतात, नंतर काढतात. वर स्कर्टिंग आलं की फट दिसतही नाही. फक्त स्कर्टिंग भिंतीला ठोका, पट्ट्यांना नाही! ‘फट कशाला, चिकटवून देतो’ म्हणणारा कारागीर भेटला, तर काम तिथेच थांबवा.

दुसरा ओलावा खालून येतो. नवीन कोबा वरून कोरडा वाटतो, आत ओल असू शकते. दोन बाय दोन फुटांचं प्लॅस्टिक चारही कडांनी टेपने चिकटवा, एक-दोन दिवस ठेवा. आतून थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला तर थांबायचं. पट्ट्यांचे खोकेही आधी काही दिवस त्याच खोलीत ठेवायचे, किती ते खोक्यावर लिहिलेलं असतं.

‘पण आमच्या वाड्यातली माडी तर लाकडीच होती!’ होती ना. पण त्या फळ्या तुळयांवर होत्या, खालून हवा खेळायची. फ्लॅटमध्ये खाली थेट स्लॅब. माझं मत विचाराल तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत भरीव लाकडापेक्षा इंजिनिअर्ड बरं. त्यात खरं लाकूड फक्त वरच्या थरात, खाली प्लायसारखे आडवे-उभे थर, त्यामुळे फुगणं कमी. तोटा म्हणजे वरचा थर पातळ असेल तर पुन्हा घासून पॉलिश करता येत नाही.

आणि हो, जुन्या टाइल्सवर टाकणार असाल तर जमीन वर येते. दारांना खालून रंधा मारावा लागेल, सुताराला आधीच सांगून ठेवा.