विश्लेषण : लग्नाची तारीख जवळ, वजनाचा काटा मात्र जागेवरच! तीन महिन्यांत नेमके किती वजन कमी होऊ शकते?

गोरेगाव (जि. हिंगोली) : तुळशीचे लग्न लागले की सेनगाव तालुक्यातील गोरेगाव आणि परिसरात सोयरिकीची बोलणी सुरू होतात. सोयाबीन घरात आलेले असते, हळद काढणीला अजून अवकाश असतो. सुपारी फुटते, तारीख निघते आणि नवरी असो की नवरदेव, पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘आता जरा वजन कमी कर.’ मग रात्रीचे जेवण बंद होते, लिंबू-मध-गरम पाणी सुरू होते, मोबाइलवर ‘१५ दिवसांत १० किलो’चे रील्स येऊ लागतात. पहिल्या आठवड्यात काटा झर्रकन खाली येतो, नंतर हलतच नाही. असे का होते? आणि हाती तीन महिने असतील तर काय शक्य आहे?

वजन खरोखरच जास्त आहे का?

आधी हे मोजायला हवे. वजन (किलो) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग, म्हणजे बीएमआय. जागतिक पातळीवर २५ च्या पुढे जादा वजन मानले जाते. भारतीयांमध्ये पोटाभोवती चरबी लवकर साठते, म्हणून आपल्याकडील डॉक्टर २३ पासूनच सावध करतात आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. कंबरेचा घेर महिलांमध्ये ८० सेंटीमीटर, पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटरच्या आत असावा. गावात आशाताई तिशीपुढच्या व्यक्तींचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यातही कंबरेच्या घेराचा रकाना असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशातील २४ टक्के महिला आणि २२.९ टक्के पुरुषांचा बीएमआय २५ किंवा त्याहून अधिक आहे. त्याच सर्वेक्षणात १८.७ टक्के महिला कमी वजनाच्या आढळल्या. म्हणजे ‘बारीक हो’ हा सल्ला ऐकणाऱ्या प्रत्येक मुलीला त्याची गरज असतेच असे नाही. फोटोत चेहरा गोल दिसतो, हे वजन कमी करण्याचे कारण होऊ शकत नाही.

तीन महिन्यांत किती कमी होऊ शकते?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानली जाते आणि वजन कमी करण्याचा आहारही दिवसाला एक हजार कॅलरींपेक्षा कमी नसावा. १२ आठवड्यांचा हिशेब केला तर सहा किलो.

समजा, १५५ सेंटीमीटर उंचीच्या मुलीचे वजन ६४ किलो आहे. तिचा बीएमआय येतो २६.६. सहा किलो कमी झाले तर ५८ किलो, बीएमआय २४.१. ही घट मूळ वजनाच्या नऊ टक्क्यांहून थोडी अधिक आहे. पाच ते दहा टक्के घटीनेही रक्तदाब आणि साखर सुधारू लागते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे सहा किलो हा आकडा छोटा वाटला तरी कामाचा आहे. १५ किलोचे ध्येय ठेवून चौथ्या आठवड्यात नाद सोडण्यापेक्षा सहाचे ठेवून पाच गाठलेले चांगले.

रोजच्या ५५० कॅलरी कुठून कमी करायच्या?

शरीरातील एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे ३,८५० कॅलरी, रोजच्या ५५०. त्यासाठी महागडे ओट्स किंवा पावडरचे डबे लागत नाहीत. चार कप चहात दोनऐवजी एकच चमचा साखर घातली तर ८० कॅलरी वाचतात. भाजी-फोडणीतून आपल्या वाट्याचे दोन छोटे चमचे तेल कमी झाले तर ९०. संध्याकाळचे मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम फरसाण बंद केले तर साधारण २५०. राहिलेल्या १३० कॅलरी पाऊण तासाच्या चालण्यातून जातात.

जेवण बंद करण्यापेक्षा ताटाची मांडणी बदलणे सोपे. हिंगोली जिल्ह्यात तूर, हरभरा, सोयाबीन पिकते, पण ताटात बहुतेकदा भाकरी आणि भात जास्त, वरण पातळ. एक भाकरी कमी करून घट्ट वरण, उसळ, अंडे किंवा दही वाढवले तर पोट जास्त वेळ भरलेले राहते आणि स्नायू टिकतात.

उपवासाबाबत सावध राहावे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच आलेली नाही. साबुदाणा, शेंगदाण्याचा कूट आणि तेल यांची एक थाळी खिचडी साध्या जेवणाहून जड पडू शकते.

पहिल्या आठवड्यानंतर काटा का थांबतो?

शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठवते. तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. खाणे एकदम कमी केले की आधी हा साठा संपतो आणि त्यासोबतचे पाणी बाहेर पडते. पहिल्या आठवड्यात गेलेल्या दोन किलोंत चरबी थोडी, पाणीच जास्त असते. नंतर खरी चरबी जळू लागते, ती संथच असते. मासिक पाळीच्या आधी शरीरात पाणी साचून काटा वरही जातो. म्हणून रोज वजन करून हिरमुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन घ्यावे. सोबत कंबर मोजावी.

दुसरे कारण म्हणजे शरीर काटकसर शिकते. अमेरिकेतील ‘द बिगेस्ट लूझर’ या टीव्ही शोमधील १४ स्पर्धकांवरील अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. झपाट्याने वजन उतरवलेल्या या स्पर्धकांचे शरीर सहा वर्षांनंतरही अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते आणि बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते.

दीक्षित की दिवेकर?

महाराष्ट्रात डाएटची चर्चा या दोन नावांशिवाय पूर्ण होत नाही. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित पद्धत घरोघरी नेली : कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवण, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत पूर्ण आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे. मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा भर ठरावीक अंतराने थोडे थोडे खाण्यावर आणि स्थानिक, हंगामी, घरच्या अन्नावर आहे. भात आणि तूप त्यांच्या यादीत वर्ज्य नाही.

मग खरे कोण? चीनमधील १३९ लठ्ठ व्यक्तींवरील वर्षभराचा प्रयोग २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने कमी कॅलरी ठरावीक आठ तासांतच खाल्ल्या, दुसऱ्याने तेवढ्याच कमी कॅलरी दिवसभरात. दोन्ही गटांचे वजन घटले, फरक लक्षणीय नव्हता. याचा अर्थ वेळापत्रकापेक्षा एकूण खाणे महत्त्वाचे. जी पद्धत घरच्या स्वयंपाकात, शेतीच्या किंवा नोकरीच्या वेळेत बसते आणि सहा महिन्यांनीही जमेल, ती आपली. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही जेवण बंद करू नये.

घाई केली तर काय बिघडते?

सर्वात आधी केस. अचानक उपासमार झाली की त्याचा परिणाम दोन-तीन महिन्यांनी केस गळण्यातून दिसतो. साखरपुड्याला सुरू केलेल्या क्रॅश डाएटचे बिल नेमके हळदीच्या दिवशी हातात येऊ शकते. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

त्याहून गंभीर प्रश्न रक्ताचा आहे. राष्ट्रीय सर्वेक्षण-५ नुसार १५ ते ४९ वयोगटातील देशातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. आपल्याकडे अनेक घरांत लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलतो. तीन महिने काकडी आणि लिंबूपाण्यावर काढलेल्या मुलीचे शरीर लोह, फोलिक अ‍ॅसिड आणि प्रथिनांच्या तुटीतच गर्भारपणाला सामोरे जाते. फोलिक अ‍ॅसिड तर गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घेण्याची शिफारस आहे. म्हणून डाएट सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासावे. ते १२ च्या खाली असेल तर आधी त्यावर उपचार, मग वजन. जेवणासोबत चहा टाळला तरी लोह अधिक शोषले जाते. वजन कारण नसताना वाढत असेल आणि पाळी अनियमित असेल, तर थायरॉइड आणि पीसीओएसची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी.

इंजेक्शनचा मार्ग सोपा आहे का?

मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ आणि जून २०२५ मध्ये ‘वेगोव्ही’ भारतात आले. या औषधांनी भूक कमी होते, वजनही उतरते. पण ती ठरावीक रुग्णांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची औषधे आहेत. लग्नापुरती घेऊन सोडून देण्यातली अडचण अभ्यासात दिसली आहे : वेगोव्हीतील सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आले. शिवाय मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावे लागते. नवविवाहितांसाठी ही अट महत्त्वाची आहे.

प्रेरणा का टिकत नाही?

लग्नाची तारीख सुरुवात करून देते, पण ती प्रेरणा बहुतेकदा भीतीची असते : लोक काय म्हणतील, फोटो कसे येतील. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या २००८ मधील अभ्यासात सुमारे ७० टक्के होणाऱ्या नवऱ्या वजन कमी करू पाहत होत्या. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांना मात्र आढळले की लग्नाआधी बहुतेकींचे वजन फारसे बदलले नाही आणि लग्नानंतर सहा महिन्यांत सरासरी सुमारे दोन किलो वाढले. ज्यांना इतरांनी ‘वजन कमी कर’ असे सुनावले होते, त्यांचे वजन इतरांपेक्षा अधिक वाढले. घरातल्यांनी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही आहे. टोमण्याने वजन उतरत नाही.

सवय मात्र उपयोगी पडते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ९६ जणांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. तीन महिन्यांत ६६ दिवस सहज बसतात. संकल्पही नेमका हवा. ‘व्यायाम करेन’ याऐवजी ‘सकाळचा चहा झाला की शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारेन’ असे ठरवले की पाळणे सोपे जाते.

खेड्यात मुलगी एकटी रस्त्याने चालायला निघाली की दहा जण विचारतात. आई, वहिनी, मैत्रीण सोबत असली तर प्रश्नही थांबतात आणि खंडही पडत नाही. उन्हाळ्यात मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा चालणे उजाडतानाच उरकावे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची शिफारस करते. पाच दिवस अर्धा तास चालले तरी ते पूर्ण होते.

केळवणांचे काय करायचे?

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत काका, मामा, आत्या, शेजारी सगळेच जेवायला बोलावतात. नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. ज्या दिवशी केळवण, त्या दिवशी दुसरे जेवण हलके ठेवावे. ताटात पुरी किंवा भात, दोन्हींपैकी एकच घ्यावे. गोडाचा एक घास मानाचा, आग्रहाचा दुसरा नम्रपणे टाळावा. हे आठवडे वजन कमी करण्याचे नव्हेत, आहे तेवढे टिकवण्याचे समजावेत. या दिवसांत काटा स्थिर राहिला तरी पुरे.

आणि मंडपानंतर?

सासरी स्वयंपाकघर वेगळे, जेवणाच्या वेळा वेगळ्या आणि सून अनेकदा सर्वांत शेवटी, उरलेले संपवत जेवते. त्यामुळे चालण्याची वेळ आणि ताटाची मांडणी याविषयी होणाऱ्या नवरा-बायकोने लग्नाआधीच बोलून घ्यावे. हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब यांची तपासणीही दोघांनी सोबतच करावी. वजन वाढण्यात पुरुष फार मागे नाहीत, तरी डाएटचा सल्ला मात्र बहुधा नवरीलाच मिळतो. लग्नानंतर पहिल्या महिन्यात दोघे सोबत रोज पाऊण तास चालू लागले, तर तीन महिन्यांत कमावलेले वजन परत येण्याची शक्यता कमी होते.